सत्तावीस चांगले, एक वाईट

आमच्या वाचनालयाचं उन्हाळी शिबिर त्या वर्षी पहिल्यांदाच शाळेच्या मोठ्या मैदानावर भरणार होतं. मैदान द्यायला मुख्याध्यापिका बाई तयार होत्या, पण त्यांची एक अट होती. ज्याची चौकशी झालेली नाही असा माणूस लेकरांच्या जवळ जाणार नाही. मग तो शिकवणारा असो, पाणी वाटणारा असो की फोटो काढणारा. त्यांनी एक छापील कागदच आमच्या अध्यक्षांच्या हातात ठेवला. अर्ज, ओळखपत्राची प्रत, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं. नातेवाईक चालणार नाहीत. त्या दोघांना फोन करून विचारायचं आणि ते काय म्हणाले ते लिहून ठेवायचं. दोघांपैकी एकाचंही मत वाईट आलं तर अर्ज बाजूला.

अध्यक्षांनी तो कागद वाचला आणि सरळ माझ्या घरी आणून दिला.

मी आर्णीजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. चोवीस वर्षं झाली. कापसाचा हंगाम आटोपला की एप्रिल-मे मला फारसं काम नसतं, आणि हातात आकडे नसले की मी घरात नको तिथे लक्ष घालतो, असं बायकोचं म्हणणं आहे. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, हे तुमच्याशिवाय कोणाले जमणार नाही. आम्ही केलं तर सगळेच पास होतील."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दुपारी, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, दुपट्टा बांधून बाजारात गेलो आणि जाड पुठ्ठ्याची वही आणली. पट्टीने अकरा रकाने आखले. चौदा अर्ज आले होते. चौदा दुणे अठ्ठावीस फोन. दिवसाला सात केले तर चार दिवस. शिबिर सोमवारी सकाळी सहाला सुरू होणार होतं आणि यादी बाईंना रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मी आदल्या शुक्रवारीच फोन सुरू केले, म्हणजे वेळ भरपूर होता.

विचारायचं कसं, यावर मी बराच विचार केला. काट्यावर आमचा एक नियम आहे. गाडी कोणाची आहे हे काटा पाहणाऱ्याने आधी विचारायचं नाही. ओळखीच्या माणसाची गाडी असली की डोळा आपोआप एक घर पुढे सरकतो. तोच नियम मी इथे लावला. शिबिराचं सांगितलं तर लोक शिबिराला शोभेल असं बोलतील, म्हणून शिबिराचं नावच काढायचं नाही. सगळ्यांना एकच वाक्य: "नमस्कार, आर्णीहून बोलतो. अमुक मुलाबद्दल जरा चौकशी करायची होती. वागायला कसा आहे, घरदार कसं आहे?" घरदार अशासाठी, की बाईंच्या कागदावर 'पार्श्वभूमी' असा एक रकाना होता.

माझी ही युक्ती मला फार आवडली होती. बायको भाजी निवडता निवडता ऐकत असायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळे एवढं गोड काहून बोलून राह्यले तुमच्याशी?"

"माणसं चांगली निवडली आहेत," मी म्हणालो.

खरंच गोड बोलत होते. "मुलगा सोन्यासारखा आहे." "नाव ठेवायला जागा नाही." "डोळे मिटून पुढे जा." एका डॉक्टरांचं नाव चार अर्जांत होतं, म्हणून त्यांना मी चार वेळा फोन केला. त्यांनी चौघांचीही तारीफ जवळजवळ त्याच शब्दांत केली आणि चौथ्या वेळी विचारलं, "तुम्हाला एकूण किती पाहायचे आहेत?" मी म्हणालो, चौदा. त्यांनी 'शुभेच्छा' म्हणून फोन ठेवला. मी रकान्यात लिहिलं: उत्तम, चार वेळा.

मंगळवारी दुपारी शेवटचा फोन झाला तेव्हा वहीत सत्तावीस 'चांगला' होते आणि एक 'वाईट'.

तो एक वाईट नेमका जिथे यायला नको होता तिथे आला होता. मुलींच्या कबड्डीसाठी एक चोवीस वर्षांची मुलगी अर्ज करून होती. आर्णीपासून आठ किलोमीटरवरच्या तांड्यातली. विद्यापीठाकडून खेळलेली, आणि पुढे घाटंजीकडच्या एका गावात हंगामी वसतिगृहावर दोन हंगाम खेळ घेतलेली. आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीला गेले की मागे राहणाऱ्या लेकरांचं ते वसतिगृह. कबड्डीला बावीस मुलींनी नावं दिली होती, आणि बावीसही घरांनी एकच विचारलं होतं, शिकवणारी बाई आहे ना? बाई नसेल तर मुली येणार नव्हत्या. शिवाय मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की शिबिर नीट झालं तर जूनपासून शाळेच्या मुलींच्या संघासाठी हिलाच घेऊ. म्हणजे तिच्यासाठी ही पंधरा दिवसांची गोष्ट नव्हती.

तिने दिलेलं पहिलं नाव तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचं. ते चांगलं बोलले. दुसरं नाव त्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं. मावशींनी फोनवर सांगितलं ते माझ्या वहीत जसंच्या तसं आहे: "आवाज लय मोठा आहे. कोणाचं ऐकत नाही. मोठ्या माणसालेही उलट बोलते. एकदा तर एका माणसाले मैदानातून हाकलून देल्लं. तुम्ही दुसरीकडं पहा."

मी लाल पेनाने रेघ मारली. वाईट वाटलं, पण नियम सरळ होता. अध्यक्षांना कळवलं.

बुधवारी सकाळी साडेआठला आमच्या फाटकापाशी स्कूटी थांबली. पुढे ती, मागे तिची आई. मुलगी उंच, बांध्याने काटक. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काका, माह्या फॉर्मचं काय झालं?"

"अध्यक्षांनी सांगितलं असेल."

"नाही झाला, एवढंच सांगितलं. काहून नाही झाला ते तुम्ही सांगा."

"कोण काय बोललं ते मला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"कोण ते नका सांगू. काय ते सांगा. माह्याबद्दलचंच आहे न ते?"

मला हे रास्त वाटलं. मी वही आणली आणि नाव झाकून ओळी वाचून दाखवल्या. ती खाली मान घालून ऐकत होती. हाकलून दिल्याचं आलं तेव्हा तिने वर पाहिलं.

"हो. देल्लं हाकलून."

माझ्या हातात पेन होतं. सवयीने मी समासात लिहिलं: अर्जदाराला मान्य.

"लिहून घेतलं?"

"हो."

"आता काहून हाकललं तेही लिहा."

"काहून हाकललं?"

"मी सांगून काय फायदा? मी माह्याच बाजूनं सांगीन. ज्यानं सांगितलं त्यालेच विचारायचं होतं न. नाही विचारलं तुम्ही?"

मी वहीकडे पाहिलं. अकरा रकाने होते. नाव, गाव, वय, दाखल्याचा क्रमांक, मत चांगलं, मत वाईट. 'का' असा रकाना नव्हता.

तिची आई पुढे आली. ती आपल्या बोलीत मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी म्हणाली, "याडी, तू थांब जरा." पण आई थांबली नाही. मला म्हणाली, "दादा, कालपासून पोरींच्या मायांचे फोन येऊन राह्यले. सोमवारी येऊ का न येऊ, विचारते. का सांगू त्यांले?"

"शनिवारी सांगतो म्हणा," मी म्हणालो. ते माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. नियमात तशी सोय नव्हती.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "एवढा मोठा काटा तुमचा, अन् दगड पडला का कापूस पडला तेवढं नाही पाहत?"

मी मावशींना फोन केला आणि म्हणालो, उद्या मी स्वतः येतो, समक्ष बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "या मंग. आता येतोच म्हणता तर नाही कसं म्हणू?"

गुरुवारी मी सकाळी सहालाच गाडी काढली. ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. दोन्ही बाजूंनी नांगरून पडलेली काळी वावरं, बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे उपटलेल्या कापसाच्या काड्यांचे ढीग. मला आतून एक प्रकारची घाई सुटली होती. चोवीस वर्षांत मी माझ्या काट्याचं वजन तपासायला कधी कोणाच्या घरी गेलो नव्हतो.

मावशींचं घर गावाच्या सुरुवातीलाच होतं. अंगण नुकतंच शिंपडलेलं होतं. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर इस्तरीची चादर. धुतलेला सदरा आणि टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आणि शेजारच्या दोन बाया माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मला चादरीच्या खुर्चीवर बसवलं. मावशींनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"एकटेच आले? घरून कोणी नाही आलं?"

"तिला काम होतं," मी म्हणालो. बायकोची कोणी एवढी आठवण काढावी याचं मला नवल वाटलं.

पोहे आले. पोह्यांवर शेव, शेवेवर कोथिंबीर. मग चहा आला. नुसत्या चौकशीसाठी आलेल्या माणसाची एवढी सरबराई बघून मी गांगरलो. वही उघडावी की नाही कळेना. शेवटी त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "मुलगा काय करते जी?"

"कोणाचा मुलगा?"

"तुमचा."

"मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, पुण्याला नोकरी करते."

दोन बायांपैकी एकीने माझ्या केसांकडे पाहिलं. अर्धेअधिक पांढरे आहेत. मग दुसरीकडे पाहून ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "मंग हे कोणासाठी पाहून राह्यले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नसराईचे दिवस, पन्नाशी ओलांडलेला माणूस, परगावाहून फोन, वागायला कशी आहे आणि घरदार कसं आहे. आमच्याकडे असा फोन आला तर त्याचा एकच अर्थ निघतो. माझ्या घरी असा फोन आला असता तर मीही तोच काढला असता. मीही पोह्यांवर शेव घालायला सांगितली असती.

मी उभा राहून सगळं सांगितलं. शिबिर, बाईंचा कागद, चौदा अर्ज, शिबिराचं नाव न काढण्याची माझी युक्ती. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि त्या खाली बसूनच हसायला लागल्या. म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, "मले वाटलं पावणा गरीब स्वभावाचा आहे. पोराचं काही सांगतच नाही."

"अहो भाऊ, मी तर मुद्दाम तसं सांगितलं," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "फॉर्मचं मले माहीतच नव्हतं, पण त्या पोरीनंच मागं सांगून ठेवलं होतं. मावशी, सोयरिकीचा फोन आला तर टाळून द्या, मले अजून खेळाचं काम करायचं आहे. आता खोटं तर बोलता येत नाही मले. मंग जे खरं आहे न, त्यातलं सासूले नाही आवडणार ते निवडून सांगितलं."

मी वही उघडली. "मैदानातून हाकललेला माणूस कोण होता?"

मावशींचं हसू थांबलं. त्यांनी शेजारच्या बायांना सांगितलं, जरा घरात जाऊन चहाचे कप घासा. मग सांगितलं.

संध्याकाळी मुली खेळायच्या. गावातला एक माणूस रोज कडेला येऊन उभा राहायला लागला. वयाने मोठा, गावात मान असलेला. मोबाइलवर मुलींचे व्हिडिओ काढायचा. पहिल्या दिवशी हिने त्याला सांगितलं, काढू नका. तो म्हणाला, गाव माझं आहे. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिने खेळ थांबवला. मुलींना मैदानाच्या मधोमध पाठ करून बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो जाईपर्यंत हलली नाही. मावशी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. किती वेळ गेला त्यांना सांगता आलं नाही, पण कढईतलं वरण खाली लागलं एवढं आठवत होतं. तो जाताना खूप बोलून गेला. तिने उलट एकच सांगितलं की मोबाइलमधलं आत्ता काढून टाका, नाहीतर मी इथून सरळ शाळेच्या मुख्याध्यापक सरांकडे जाते. त्याने काढलं नाही. ती गेली. सर येईपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसून राहिली आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहून आली.

"लेखी आहे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे मला मावशींच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आहे न. शाळेत आहे वही."

वसतिगृह बंद होतं, पण एक शिक्षक गावातच राहायचे. मावशी मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. त्यांनी शाळेचं कपाट उघडलं, मला पान वाचू दिलं, फोटो काढू दिला नाही, कारण त्यात मुलींची नावं होती. मला ते पटलं. एका पानावर सरळ अक्षरात सगळं होतं: कोण, कधी, किती वेळ, कोणत्या मुली मैदानावर होत्या, मी काय बोलले, तो काय बोलला. खाली मुख्याध्यापकांची सही आणि पोलीस पाटलांना कळवल्याची ओळ. मी ते पान तीन वेळा वाचलं. चोवीस वर्षांत मी पुष्कळ नोंदी पाहिल्या आहेत. इतकी पूर्ण नोंद मी स्वतःही फार वेळा केलेली नाही.

परत येताना गाडीवर मी एकटाच मोठ्याने हसलो. मग अर्ध्या रस्त्यात, एका लिंबाखाली पाणी प्यायला थांबलो तेव्हा हसू गेलं. एक वाईट चुकीचं निघालं होतं. मग सत्तावीस चांगल्यांचं काय?

काट्यावर गाडी दोनदा येते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोन्हींमधला फरक म्हणजे कापूस. मी सत्तावीस गाड्या एकदाच तोलल्या होत्या आणि लोखंडासकट सगळा कापूस म्हणून लिहून मोकळा झालो होतो. सोयरिकीच्या चौकशीत आमच्याकडे कोणी कोणाचं वाईट सांगत नाही. जुळत आलेलं कशाला मोडा, म्हणून चार गुण जास्तच सांगतात. आणि सासर-माहेराच्या गोष्टींत कोणी हे विचारत नाही की हा माणूस दहा वर्षांच्या लेकराशी, आजूबाजूला कोणी नसताना, कसा वागतो.

गुरुवारी दुपारी दीड वाजता घरी पोचलो. बायकोला सांगितलं. ती भिंतीला टेकून हसत राहिली. म्हणाली, "म्हणजे त्या डॉक्टरला वाटलं, तुमच्या घरी लग्नाच्या चार पोरी आहेत."

"चार नाही, चौदा," मी म्हणालो. "मीच सांगितलं त्यांना."

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात घाईच्या दिवसांपैकी होते. मी नवीन पान आखलं. पहिलं वाक्य बदललं: "हे सोयरिकीचं नाही, नोकरीचं नाही. या माणसाला पंधरा दिवस लेकरांजवळ ठेवायचं आहे." मग तीन प्रश्न. तुम्ही त्याला लेकरांसोबत स्वतः पाहिलं आहे का? कधी, कुठे? आणि तुमचं स्वतःचं लेकरू त्याच्याजवळ एकटं ठेवाल का? चौथा रकाना मी जास्तच रुंद ठेवला होता. त्यावर फक्त 'का' लिहिलं होतं.

तीच माणसं, तेच नंबर, पण फोनवरचा आवाज वेगळाच. पहिल्या वाक्यानंतर बहुतेक जण थांबायचे. मग म्हणायचे, "अस्सं होय. मग थांबा, आठवू द्या." एक गृहस्थ कळंबला होते. मागे घंटा वाजत होती. म्हणाले, "आता चिंतामणीच्या दर्शनाच्या रांगेत उभा आहे. इथून जास्तीचं बोलता यायचं नाही. एका तासानं करा." एका तासाने केला तेव्हा ते म्हणाले, "खरं सांगू का, मुलाचा बाप माझ्या ओळखीचा आहे. मुलाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तोच दहा वर्षांचा होता." डॉक्टरांनी चौघांपैकी तिघांबद्दल सांगितलं की पेशंट म्हणून ओळखतो, बाकी काही माहीत नाही. "आणि चौथा?" "तो रक्तदान शिबिरात येतो. लेकरांचं मला सांगता येणार नाही."

शनिवारी सकाळपर्यंत सत्तावीस फोन पुन्हा झाले. लेकरांसोबत स्वतः पाहिलेले बारा. कधीच न पाहिलेले चौदा. आणि एक वेगळाच.

तो एक अर्ज अध्यक्षांच्या भाच्याचा होता. ढोल छान वाजवायचा, लेकरं त्याच्यामागे धावायची. आधी तो एका शिकवणी वर्गात होता आणि तिथल्या चालकांचं नाव त्यानेच दिलं होतं. पहिल्या वेळी ते म्हणाले होते, मुलगा उत्तम. या वेळी माझं पहिलं वाक्य ऐकून त्यांनी पलीकडे पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"तुम्ही आधी असं विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"चूक माझी आहे. आता विचारतो आहे."

"वर्ग सुटल्यावर एखाद्या लेकराला एकटं थांबवून घ्यायची सवय होती. दार लावून. मी दोनदा समज दिली. तिसऱ्या वेळी काढून टाकलं. काय झालं, काय नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. लग्नाचं असेल म्हणून परवा बोललो नाही."

"तुमचं लेकरू ठेवाल?"

"नाही."

मी ते शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानांवर त्याच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत 'चांगला' होतं. तो सोमवारी सकाळी सहा वाजता मैदानात असता. आणि ती मुलगी बाहेर.

दुपारी अध्यक्ष घरी आले. मी त्यांना दोन्ही पानं दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं.

"कोणी सांगितलं हे?"

"ते सांगता येत नाही."

"बहिणीले काय सांगू मी?"

"ते तुम्ही ठरवा. पण यादी भरली असं सांगू नका, कारण यादी भरलेली नाही."

ते उठून उभे राहिले. बायकोने दिलेलं आंब्याचं पन्हं तसंच राहिलं. मग म्हणाले, "घेऊन चला ते पान बाईंकडे. मीही येतो." आम्ही दोघं त्यांच्याच गाडीवर गेलो. बाईंनी ते पान ठेवून घेतलं. पुढे जे करायचं ते त्यांनी रीतसर केलं. ते माझ्या वहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी तांड्यावर फोन लावला. आईने उचलला. मी म्हणालो, बावीस मायांना सांगा, सोमवारी पावणेसहाला मुली पाठवा. पलीकडे तिने फोन बाजूला धरून काहीतरी ओरडून सांगितलं आणि एकदम चार-पाच जणींचा कालवा ऐकू आला. मग मुलीचा आवाज: "काका, मावशी काय म्हणली?"

मी पोह्यांपासून सांगितलं. मुलगा काय करते जी, इथवर पोचलो तेव्हा ती इतकी हसली की तिला फोन आईकडे द्यावा लागला.

कधीच न पाहिलेल्या चौदांऐवजी रविवारपर्यंत आम्हाला पाच नवी नावं मिळाली, म्हणजे लेकरांसोबत प्रत्यक्ष पाहिलेली माणसं. त्या जोरावर चौदा अर्जदारांपैकी नऊ जण पास झाले. चौघांना मैदानाभोवती बांधायच्या दोरीच्या बाहेरची कामं दिली, सामान आणणं, फाटकावर पालकांना बसवणं. एक थांबवला. नऊ नि चार तेरा, नि एक चौदा. रविवारी पाच वाजता यादी बाईंच्या टेबलावर होती. मला झोप आली नाही, पण ती आनंदाने.

सोमवारी मी सव्वापाचलाच मैदानावर. हजेरीची वही, दोन पेनं, टोपी. मैदानाला पांढऱ्या फकीने रेघा, सगळ्या बाजूंनी दोरी बांधलेली, एकच आत जायची जागा. तिथे ती उभी होती, गळ्यात शिट्टी, हातात नऊ नावांची यादी. मुली एकेक करून येत होत्या. मी वीस मोजल्या, एकवीस, बावीस. मग एक आणखी आली, कोणाची तरी मावसबहीण. तेवीस. मी वही उघडून आत पाऊल टाकलं.

"काका, थांबा. तुमचं नाव नाही यात."

"यादी मीच केली आहे."

"तेच पाहून राह्यली. म्हणूनच राह्यलं असन."

मी तिच्या हातातली यादी पाहिली, जणू मला ती पाठ नव्हतीच. मग म्हणालो, "मी फक्त हजेरी घेणार आहे."

"पाणी वाटणारा असो का फोटो काढणारा. बाईंची अटच आहे न तशी. फॉर्म आणा, मंग या." तिच्या आवाजात राग नव्हता. तिने शिट्टी तोंडात धरली आणि ती आत वळली.

मी दोरीच्या बाहेरून हजेरी घेतली. तेवीस मुलींनी ओरडून 'हजर' सांगितलं, माझं काही अडलं नाही. मग घरी येऊन फॉर्म भरला. पोलिसांच्या दाखल्यासाठी अर्ज केला. आणि दोन नावांच्या रकान्यापाशी अडलो. मला लेकरांसोबत कोणी पाहिलं आहे? चोवीस वर्षं मी ट्रकांसोबत काढली आहेत.

"मी चालत नाही काय?" बायको म्हणाली.

"नातेवाईक चालत नाहीत."

"बरं झालं. मी खरंच सांगितलं असतं."

शेवटी तिलाच आठवलं. समोरच्या घरातल्या दोन मुलांना मी दोन उन्हाळे गणित शिकवलं होतं, त्यांची आई. आणि आमच्या वाचनालयात बालविभाग सांभाळणारे जुने ग्रंथपाल, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी दर रविवारी लेकरांना पुस्तकं बदलून देतो. फोन मी करणार नव्हतो, बाईंनी केले. समोरच्या वहिनींनी नंतर बायकोला सांगितलं की बाईंनी शेवटी विचारलं, तुमची मुलं यांच्याजवळ एकटी ठेवाल का? वहिनी म्हणाल्या, ठेवीन, पण पाढे म्हणून घेतात म्हणून मुलंच पळून येतील.

पोलिसांचा दाखला यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस मी दोरीच्या बाहेर उभा राहून हजेरी घेतली. दहाव्या दिवशी दाखला आणि फॉर्म घेऊन तिच्यापुढे गेलो. तिने तो उभ्यानेच पूर्ण वाचला, मागची बाजूही उलटून पाहिली. मग हाताने दोरी वर उचलली.

"या काका. डाव्या कडेनं या, उजवीकडं पोरी दम घेऊन राह्यल्या."